अठराव्या शतकातील व्यापाऱ्यांची पत्रे आणि आपल्या घरातील वही

(संस्थेच्या वार्षिक समारंभात पालक व विद्यार्थी यांच्यापुढे केलेले भाषण)





समारंभाच्या दिवशी पाहुण्याने लांब बोलू नये, हे मला शिक्षकाच्या अनुभवावरून ठाऊक आहे. पुढे बक्षिसे वाटायची आहेत आणि मुलांचे लक्ष तिकडे लागलेले आहे. मी आयुष्यभर शाळेत पुस्तपालन आणि वाणिज्य हे विषय शिकवले. त्यामुळे मला ‘शिक्षणाचे महत्त्व’ या विषयावर बोला असे सांगण्यात आले, तेव्हा मी चालकांना विनंती केली की, मला जे थोडेफार येते त्यावरच बोलू द्यावे. म्हणून आज मी आपल्याला दोन-अडीचशे वर्षांपूर्वीचे व्यापारी एकमेकांना पत्रे कशी लिहीत, पैसे कसे पाठवीत आणि हिशेब कसे ठेवीत, हे सांगणार आहे. शेवटी त्याचा आपल्या घराशी काय संबंध आहे, तेही सांगेन.

सुरुवात आपल्या सर्वांना माहीत असलेल्या एका पत्रापासून करतो. १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतची लढाई झाली. पेशवे नानासाहेब त्या वेळी उत्तरेकडे निघालेले होते. एवढ्या मोठ्या पराभवाची बातमी त्यांना कोणी सांगितली? त्यांच्या सरदारांनी नव्हे, सरकारी जासुदांनीही नव्हे. इतिहासकार ग्रँट डफ याने आपल्या १८२६ सालच्या ग्रंथात लिहिले आहे की, सावकारांचा एक कासीद पत्र घेऊन औरंगाबादेकडे चालला होता, तो वाटेत पेशव्यांच्या लोकांना सापडला. ते पत्र फोडले. त्यात लढाईचे नावही नव्हते. मोत्ये गेली, मोहरा हरवल्या, रुपये आणि खुर्दा यांची तर गणतीच नाही, अशी सराफाच्या दुकानात शोभावी तशी भाषा होती. दोन मोत्ये म्हणजे विश्वासराव आणि सदाशिवरावभाऊ, सत्तावीस मोहरा म्हणजे नामांकित सरदार, आणि रुपये व खुर्दा म्हणजे सामान्य शिपाई, हे पेशव्यांना उमगले. याच लढाईत तोफखान्याचा प्रमुख इब्राहीमखान गारदी हाही मराठ्यांच्या बाजूने लढला आणि मारला गेला, हे आपल्या मुलांनी लक्षात ठेवावे.

हे पत्र आपण शाळेत शिकतो ते इतिहास म्हणून. मी मात्र ते वाणिज्याच्या शिक्षकाच्या नजरेने वाचतो. त्या कासिदाने पानिपतहून नवव्या दिवशी औरंगाबादेस पोहोचण्याचा करार केला होता, असे ग्रँट डफ सांगतो. रेल्वे नाही, तार नाही, वाटेत नद्या, डोंगर, लुटारू आणि फौजा. असा माणूस ठेवायला पैसा लागतो. सावकारांनी तो पैसा का खर्च केला? कारण लढाईच्या निकालावर हुंड्यांचे भाव अवलंबून होते. कोणाच्या नावावरची हुंडी आता वटेल, कोणाची वटणार नाही, हे ज्याला चार दिवस आधी कळले तो वाचला आणि ज्याला नंतर कळले तो बुडाला. म्हणजे व्यापाऱ्याचे पत्र हा त्याच्या धंद्याचा प्राण होता. राज्याच्या टपालापेक्षाही त्याचे टपाल जलद होते.

आता हुंडी म्हणजे काय, ते विद्यार्थ्यांसाठी थोडक्यात सांगतो. समजा, १७७० च्या सुमारास पुण्याच्या एका व्यापाऱ्याला सुरतेत एक हजार रुपयांचे कापड घ्यायचे आहे. रोख रुपयांची थैली घेऊन माणूस पाठवावा, तर घाटात लुटला जाण्याची भीती. शिवाय पुण्यात चालणारा अंकुशी रुपया सुरतेस त्याच भावाने चालेल असेही नाही. अंकुशी, चांदवडी, सुरती असे निरनिराळे रुपये होते आणि एकाचा दुसरा करताना वटाव द्यावा लागे. मग हा व्यापारी पुण्यातल्या सावकाराच्या पेढीवर जातो. रुपये मोजून देतो, वर हुंडणावळ म्हणजे पाठवणीचा आकार देतो, आणि सावकार त्याला एक कागद लिहून देतो. तो कागद सुरतेच्या पेढीच्या नावाने असतो : अमुक माणसाकडून इतके रुपये आम्हांस पोहोचले, तेवढे तुम्ही तिकडे द्यावे. हा कागद कासिदाबरोबर सुरतेच्या अडत्याकडे जातो, अडत्या तो पेढीवर दाखवतो, पेढीवाला तो सकारतो आणि रुपये देतो. रुपया पुण्यातच राहिला आणि कापड सुरतेत खरेदी झाले. प्रवास केला तो फक्त अक्षरांनी.

दाखवताच पैसे द्यायचे, ती दर्शनी हुंडी. ठरावीक दिवसांनी द्यायचे, ती मुदती हुंडी. कोणाही भटक्याच्या हाती पैसे न पडता बाजारात ज्याची पत आहे अशा शहालाच ते मिळावेत म्हणून लिहिलेली, ती शाहजोग हुंडी. गलबतावर चढवलेला माल सुखरूप पोहोचला तरच पैसे द्यायचे, ती जोखमी हुंडी. आजच्या विम्याचे काम ती करीत असे. मूळ हुंडी वाटेत हरवली तर दुसरी प्रत देत, तिला पेठ म्हणत. तीही गेली तर परपेठ. वटलेल्या हुंडीला खोखा म्हणत आणि तो पुरावा म्हणून जपून ठेवीत.

या कागदात खाडाखोड होऊ नये म्हणून रक्कम कशी लिहीत, ते पाहण्यासारखे आहे. आधी आकड्यात रुपये १०००. मग अक्षरी एक हजार. मग त्याचे निमे पाचशे. आणि मग त्या पाचशेचे दुप्पट, पुरे एक हजार. एका रकमेला चार कुलपे. एखाद्या लबाडाने एका आकड्यापुढे शून्य वाढवले, तरी निमे आणि दुप्पट त्याला पकडून देत. आज आपण बँकेच्या चेकवर रक्कम आकड्यात आणि अक्षरात अशी दोनदा लिहितो. आपल्या जुन्या व्यापाऱ्यांची दक्षता त्याहून दुप्पट होती.

आणखी एक गोष्ट अरबी शिकणाऱ्या मुलांना गंमतीची वाटेल. पेशवाईतील मराठी पत्र आपण वाचायला घेतले, तर त्यात वर्ष कसे दिलेले असते? ‘इहिदे सितैन मया व अलफ’. लिपी मोडी, भाषा मराठी आणि आकडा अरबी! इहिदे म्हणजे एक, सितैन म्हणजे साठ, मया म्हणजे शंभर, अलफ म्हणजे हजार. मिळून ११६१. हा सुहूर सन. त्यात ५९९ किंवा ६०० मिळवले की इसवी सन येतो. म्हणजे हे १७६०-६१ साल, पानिपतचेच वर्ष. तारखेआधी ‘छ’ हे अक्षर असते, ते चंद्राच्या तारखेची खूण, आणि पुढे मोहरम, सफर, रमजान असे महिन्याचे नाव असते. पुण्याच्या ब्राह्मण कारकुनाला अरबी आकडे पाठ होते, आणि त्यात त्याला काही वावगे वाटत नव्हते.

दुकानात बसणाऱ्या मुलांनी आपल्या रोजच्या शब्दांकडे जरा कान द्यावा. जमा, खर्च, बाकी, वसूल, हिशेब, नफा, नुकसान, मुदत, जामीन, दलाल, हवाला, सराफ, दुकान, माल. हे सगळे शब्द अरबी-फारसीतून मराठीत आले आणि इतके मुरले की कोणीही त्यांना परके समजत नाही. ‘निमे’ हा शब्दही फारसी नीमपासूनच आलेला आहे. जकात या शब्दाचा प्रवास तर फारच निराळा. आपल्याकडे तो धर्मादायाचा शब्द, आणि मराठीत तो मालावरचा कर झाला. मुंबईच्या वेशीवरचे जकात नाके २०१७ साली बंद झाले, पण शब्द टिकून आहे. आपल्या भाईंदरच्या पलीकडे उत्तन-चौकला जा. तिथला कोळी बांधव होडीच्या मालकाला नाखवा म्हणतो. तो शब्द नाखुदाचा, म्हणजे जहाजाच्या धन्याचा. सुकाणू हा अरबी, बंदर हा फारसी. म्हणून एखादा विद्यार्थी मला म्हणतो की, ‘सर, मराठी आपल्याला जड जाते’, तेव्हा मी त्याला सांगतो की, बाबा रे, या भाषेच्या जमाखर्चात तुझ्या वाडवडिलांचे भांडवल गुंतलेले आहे. ते उचलायला लाजू नकोस.

हे सर्व आपल्या गावापासून फार दूर घडत होते असे समजू नका. आपल्या शहराच्या हद्दीतच घोडबंदर आहे. अरबस्तानातून येणारे घोडे इथे उतरत, म्हणून गावाला हे नाव पडले असे सांगतात. समोर वसईची खाडी. १७३९ साली चिमाजीअप्पांनी वसई घेतली आणि ही खाडी पोर्तुगीजांकडून मराठ्यांकडे आली. या पाण्यात व्यापार करणाऱ्या गलबतवाल्याला कधी पोर्तुगीजांचा परवाना, कधी आंगऱ्यांचे दस्तक, कधी इंग्रजांचा पास जवळ बाळगावा लागे. कागद नसला की गलबत जप्त. म्हणजे समुद्रावरसुद्धा माणसाला कागदच तारत होता. त्याच शतकात सुरतेचा व्यापार उतरणीला लागला आणि मुंबईचा वाढू लागला. मुंबईच्या कोकणी मुसलमानांत नाखुदा आणि व्यापारी घराणी पुढे आली. मुंबईची जुम्मा मशीद १७७५ साली बांधायला घेतली आणि १८०२ साली पुरी झाली, ती याच समुद्रावरच्या कमाईच्या काळात.

सुरतेचे नाव निघाले, म्हणून तिथल्या एका फार मोठ्या व्यापाऱ्याची हकीकत सांगतो. मुल्ला अब्दुल गफूर हे बोहरा व्यापारी. अलेक्झांडर हॅमिल्टन नावाचा एक दर्यावर्दी त्या काळी या किनाऱ्यावर व्यापार करीत होता. त्याने लिहून ठेवले आहे की, हा एकटा मनुष्य इंग्रजांच्या ईस्ट इंडिया कंपनीच्या तोडीचा व्यापार करतो आणि वर्षाला त्याची वीसेक जहाजे निघतात. १६९५ साली हेन्री एव्हरी या इंग्रज चाच्याने त्यांचे ‘फतेह मुहम्मदी’ हे जहाज लुटले, तरी त्यांचा धंदा बसला नाही. १७१८ साली ते वारले तेव्हा मागे ८५ लाखांची दौलत होती असे म्हणतात. आणि मग काय झाले? सुरतेच्या मोगल अंमलदाराने ती जप्त केली. वारसांना थेट दिल्लीच्या बादशहापर्यंत दाद मागावी लागली, तेव्हा कुठे ती सुटली. पुढे त्यांचा नातू मुहम्मद अली हा घराण्याचा प्रमुख झाला. १७३२ साली सुरतेच्या व्यापाऱ्यांनी जुलमी अंमलदाराविरुद्ध उठाव केला, त्यात तो पुढारी होता. पण नव्या अंमलदाराशी त्याचे बिनसले आणि १७३३ साली तो कैदेतच मेला.

यातून मी काय शिकलो, ते सांगतो. त्या व्यापाऱ्यांजवळ पत होती. त्यांचे अक्षर मुंबईपासून बसऱ्यापर्यंत चालत होते. पण त्यांच्या पाठीशी कायदा नव्हता. अंमलदाराची मर्जी फिरली की ८५ लाखांच्या धन्याचे वारसही रस्त्यावर. आज आपली स्थिती बरोबर उलट आहे. आपल्या पाठीशी कायदा आहे. देशी भाषेतील हुंडीच्या रिवाजाला १८८१ च्या निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स अ‍ॅक्टनेही हात लावला नाही, तो राखून ठेवला. १९३२ चा भागीदारीचा कायदा आहे, मुदतीचा कायदा आहे, न्यायालये आहेत. पण या कायद्याला एक गोष्ट लागते, ती म्हणजे कागद. आणि नेमका तोच आपल्याजवळ नसतो.

आता माझ्या घरची एक गोष्ट सांगतो. ती सांगावी की नाही, याचा मी बरेच दिवस विचार करीत होतो.

माझे वडील आणि त्यांचे एक चुलतभाऊ, ज्यांना आम्ही चाचा म्हणत असू, यांनी मिळून कोकणातल्या एका गावी लाकडाची वखार काढली. दोघेही पाच वक्तांचे नमाजी, दोघेही शब्दाचे पक्के. भागीदारीचा कागद केला नाही. कोणी सुचवले तर अब्बा हसून म्हणत, “भावाभावांत लिहून काय घ्यायचे?” अठरा वर्षे धंदा चांगला चालला. पावसाळ्याआधी कोणी किती रक्कम घातली, कोणाच्या लग्नासाठी वखारीतून किती उचलले, कोणत्या गिऱ्हाइकाकडे किती येणे आहे, हे सगळे दोघांच्या डोक्यात. मग एका सकाळी अब्बा अचानक गेले. मी तेव्हा अकरावीत होतो.

चाळिसावा झाल्यावर चाचा स्वतःहून घरी आले आणि हिशेबाला बसले. त्यांनी एक आकडा सांगितला. अम्मीला अब्बांनी कधीतरी बोलता बोलता दुसरा आकडा सांगितलेला होता. दोन्हींत फरक फार मोठा नव्हता, पण आम्हा पाच भावंडांच्या दृष्टीने तो लहानही नव्हता. अम्मी काही बोलली नाही. पण तिच्या गप्प बसण्यात संशय आहे असे चाचांना वाटले, आणि चाचांच्या सांगण्यात लबाडी आहे असे आम्हा मुलांना वाटले. वखार विकली गेली. पुढे अकरा वर्षे त्या घरचे लग्न असले तर आम्ही जात नव्हतो, आणि आमच्या घरची मयत असली तर ते फक्त कब्रस्तानापर्यंत येत होते.

मित्रहो, आज या वयात मी आपल्याला सांगतो की, चाचांनी आम्हांला फसवले नव्हते. पुढे मी स्वतः पुस्तपालन शिकलो, लोकांचे हिशेब तपासले, तेव्हा मला कळले की अठरा वर्षांचा जमाखर्च कोणाही माणसाच्या डोक्यात नीट राहू शकत नाही. त्यांना जे आठवत होते ते त्यांनी सांगितले. अब्बांना जे आठवत होते ते त्यांनी अम्मीला सांगितले होते. दोघेही खरे बोलत होते आणि दोन्ही आकडे चुकीचे असू शकत होते. ज्या दिवशी मला हे कळले, त्या दिवशी मी चाचांकडे गेलो. ते अंथरुणावर होते. आम्ही हिशेबाचे काही बोललो नाही. त्यांनी माझा हात बराच वेळ धरून ठेवला. त्यानंतर थोड्याच दिवसांत ते गेले. एक दोनशे पानी वही घरात असती, तर ती अकरा वर्षे गेली नसती.

‘लिहून मागितले तर समोरच्याला वाईट वाटेल’ ही जी आपल्यातली समजूत आहे, ती कुठून आली हे मला ठाऊक नाही. धर्मातून तर ती आलेली नाही. सूरे बकराची २८२ वी आयत ही कुरआन शरीफातील सर्वांत मोठी आयत, आणि ती कशाविषयी आहे? मुदतीच्या देण्या-घेण्याची लिखापढी करण्याविषयी. लेखकाने इन्साफाने लिहावे, ज्याच्यावर देणे आहे त्याने मजकूर सांगावा, साक्षीदार घ्यावेत, रक्कम थोडी की फार हे पाहून लिहायला आळस करू नये, हे सारे तीत येते. आणि असे केल्याने शंकेला जागा राहत नाही, असे कारणही दिलेले आहे. मौलवीसाहेब इथे बसले आहेत, ते याचा अर्थ माझ्यापेक्षा अधिक चांगला सांगतील. मी शिक्षक आहे, म्हणून एवढेच म्हणतो की, ज्यांना आपण रोज पढतो त्या आयतींतील सर्वांत लांब आयत वहीविषयी असावी, आणि आपल्याच दुकानात वही नसावी, हे बरे दिसत नाही.

दुसऱ्या जमातींच्या व्यापाऱ्यांकडेही बघण्यासारखे आहे. इराणातील इस्फहानजवळच्या नव्या जुल्फा वस्तीतले आर्मेनियन व्यापारी अठराव्या शतकात सुरत, मद्रास, बंगालपासून युरोपपर्यंत पसरलेले होते. १७४८ साली त्यांच्या मालाचे ‘सांता कॅटरिना’ नावाचे जहाज इंग्रजांच्या आरमाराने नागपट्टणमजवळ पकडले. त्यावर सुमारे सतराशे पत्रे आणि कागद होते. ते इंग्लंडला गेले आणि आजही तिथल्या दफ्तरात आहेत. सेबुह अस्लानियन या इतिहासकाराने त्यांचा अभ्यास केला. घरची खुशाली, मालाचे भाव आणि त्याबरोबरच कोण माणूस हिशेबाला चोख आहे, कोण नाही, ही बातमी त्या पत्रांतून हजारो मैल फिरत होती, असे त्यांना आढळले. एका गावी लबाडी केलेल्या गुमास्त्याला दुसऱ्या गावी काम मिळणे कठीण होई. आणि ही जमात मोठी का झाली? सतराव्या शतकाच्या अखेरीसच त्यांच्या वस्तीत मुलांना हिशेब आणि व्यापार शिकवणारी शाळा होती. धंदा हा दुकानात उभे राहून आपोआप येतो, असे ते समजत नव्हते.

पालकहो, इथे मला आपल्याशी स्पष्ट बोलायचे आहे. दहावी झाली की मुलाला गल्ल्यावर बसवायचे, ही चाल आपल्याकडे अजून आहे. ‘पुढे शिकून काय करणार, शेवटी दुकानच सांभाळायचे आहे,’ असे आपण म्हणतो. अहो, दुकान सांभाळायचे आहे म्हणूनच तर शिकायचे आहे. ज्याला रोजकीर्द लिहिता येत नाही, खतावणी करता येत नाही, बँकेला अर्ज लिहिता येत नाही, कराची नोटीस आली तर तिचे उत्तर देता येत नाही, तो गल्ल्यावर बसला तरी गल्ला त्याचा नसतो. तो दुसऱ्या कोणाच्या तरी लिहिण्यावर जगतो. आणि मुलींविषयीही तेच. हजरत खदीजा या स्वतः व्यापार करीत होत्या, हे आपण मिलादच्या सभेत अभिमानाने सांगतो. मग आपल्या मुलीला घरच्या धंद्याचा हिशेब दाखवताना हात का आखडतो? माझ्या अम्मीला त्या वखारीचा जमाखर्च वाचता आला असता, तर पुढचे सगळे टळले असते.

विद्यार्थी मित्रांनो, तुम्हांला मी चार साधी कामे सांगतो. परीक्षेला ती येणार नाहीत, पण आयुष्यात येतील.

पहिले, एक वही घ्या आणि आजपासून रोजची कीर्द लिहा. वडिलांनी दिलेले पन्नास रुपये जमेला, वडापावचे वीस खर्चाला, झोपण्यापूर्वी शिल्लक मोजा. शिल्लक जुळली नाही तर जुळेपर्यंत झोपू नका. सहा महिन्यांत तुम्हांला पैशाची चाल कळेल.

दुसरे, उसने दिले किंवा घेतले तर त्याच दिवशी लिहून सही करा, मग तो सख्खा भाऊ असो. रक्कम आकड्यात लिहा, अक्षरी लिहा, आणि वाटल्यास निमे-दुप्पटही लिहा. उसनवारीचा दावा साधारणपणे तीन वर्षांच्या आत करावा लागतो, हे ध्यानात ठेवा. तारीख नसलेला कागद हा अर्धा कागद होय.

तिसरे, घरात भागीदारीचा धंदा असेल तर वडिलांना आदराने विचारा की, अब्बा, याचा करार झाला आहे का, आणि तो नोंदवला आहे का? नोंदणी नसलेल्या भागीदारीला आपल्या कराराच्या पैशासाठी न्यायालयात दावा लावता येत नाही, असे १९३२ च्या कायद्याचे ६९ वे कलम म्हणते. वडील रागावले तर माझे नाव सांगा.

चौथे, पत्र लिहायला शिका. मराठीत शिका, उर्दूत शिका, इंग्रजीतही शिका. हल्ली मोबाईलवर चार अक्षरे टाकली की पत्र झाले असे वाटते. जुने व्यापारी पत्रात आधी खुशाली विचारीत, मग मागच्या कोणत्या तारखेच्या पत्राचे हे उत्तर आहे ते लिहीत, मग माल, भाव, पोहोच, बाकी असे एकामागून एक मुद्दे घेत, आणि ‘बहुत काय लिहिणे’ म्हणून संपवीत. फुकट शब्द नसे, आणि हवा असलेला शब्द राहून जात नसे. एवढी शिस्त तुमच्या पत्रात आली, तर नोकरीच्या अर्जापासून मालाच्या मागणीपर्यंत कुठेही तुम्ही मागे पडणार नाही.

एक शेवटची गोष्ट सांगून थांबतो. व्यापाऱ्याने देणी देता येत नाहीत असे जाहीर केले की त्याने दिवाळे काढले असे आपण म्हणतो. पूर्वी असा व्यापारी भर दिवसा दुकानात दिवा लावून बसे, त्यावरून हा शब्द आला असे सांगतात. दिवसाढवळ्या दिवा दिसला की बाजाराने समजावे, इथली पत संपली. आपल्या नया नगरात, मिरा रोडला, भाईंदरच्या बाजारात आज आपल्या माणसांची किती तरी दुकाने आहेत. त्यांपैकी एकावरही असा दिवा लागू नये अशी माझी दुआ आहे. त्यासाठी रात्री दुकान बंद करताना दिव्याखाली बसून दहा मिनिटे वही लिहावी. मुलाला जवळ बसवावे, मुलीलाही बसवावे, आणि तिला बाकी काढायला सांगावी.

 ज्या मुलांना आज बक्षिसे मिळणार आहेत त्यांचे अभिनंदन करतो. ज्यांना मिळणार नाहीत त्यांची बाकी पुढच्या वर्षाच्या खात्यावर ओढतो, आणि माझे दोन शब्द पुरे करतो.

खुदा हाफिज. जय हिंद, जय महाराष्ट्र.